बत्तीस अंश

सावद्याच्या पिकवणीच्या चेंबरात एकोणीस वर्षं
मी केळी अठरा अंशांवर ठेवत आलो.
बाराला साल करपते, बाविसाला गर ढिला पडतो,
दिल्लीचा व्यापारी फोनवर आईबाप काढतो.
त्यामुळे थर्मोस्टॅट म्हटलं की
माझ्या अंगावर आधी काटा येतो.

आता घरात, टीव्ही होता तिथे, काचेची पेटी.
पेटीत अजगर. अडीच हात लांब, आफ्रिकेकडचा,
नोंदणीचा कागद रेशनकार्डाच्या फाईलीत.
कुंजलचा तो. होस्टेलात चालत नाही म्हणून
पुण्याला जाताना मामाकडे सोडून गेली.
चुलीतून काढलेल्या वांग्यासारखा करपट, चट्ट्याचट्ट्यांचा,
म्हणून नाव भरीत.

वहीच्या पानावर तिने लिहून दिलं:
उजवीकडे बत्तीस, डावीकडे सव्वीस.
त्याला ऊन स्वतः तयार करता येत नाही, मामा,
त्याला फक्त उन्हाकडे जाता येतं.

जानेवारीत पारा सहावर आला.
शेजारचे झिपरूअण्णा शेकोटीवरून उठून बघायला आले,
"काब्रे भो, सापाले शेगडी?
अन् तिकडं केयी थंडीनं गेल्या त्याचं काय?"
मी म्हटलं, अण्णा, केळीला पेटी करता येत नाही.
ते काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहिले.
मग म्हणाले, "गरम आहे हो आत."

रात्री रिले वाजायचा. टक्. लाल दिवा.
थोड्या वेळाने टक्. अंधार.
मला त्याची सवय झाली,
बायको म्हणायची तशी तिच्या घोरण्याची नव्हती झाली कधी.

मग एका पहाटे जाग आली ती आवाज नव्हता म्हणून.
दिवा लाल. लालच.
आकडा चोवीस दाखवत होता, आणि काच हाताला चटकत होती.
भरताने झोपेत ढोसून सेन्सर उपटला होता,
तो पाण्याच्या भांड्याशी गार पडला होता,
आणि तिथूनच कळवत होता: कमी आहे, अजून द्या, अजून.

खोटं नव्हता बोलत.
जिथे पडला होता तिथलं खरं सांगत होता.

आणि हा चटईवर तसाच वेटोळं घालून.
सापाला पोटाखालची आच लवकर कळत नाही,
ते मला नंतर जळगावच्या डॉक्टरने सांगितलं,
दोन म्हशी आणि एक कोंबडा यांच्या मागे आमचा नंबर लागल्यावर.
पोटाचे सात खवले तांबूस. मलम. कोरडा कागद अंथरा.
एकोणीस वर्षं सेन्सर बसवणारा माणूस मी,
या वेळी नुसत्या चिकटपट्टीवर भागवलं होतं.

संध्याकाळी कुंजलचा फोन.
कसा आहे? बरा आहे.
तू? मी पण बरी आहे, मामा.
जेवलीस? हो.
फोन ठेवला आणि तो हातातच राहिला.
मी नेहमी जेवणाचंच विचारतो.
दुसरीकडे कुठे हात लावून बघावा ते मला कळत नाही.
पुन्हा लावला. म्हटलं, भरताला भाजलंय. माझी चूक.
पलीकडे एवढं शांत झालं की खोलीतला पंखा ऐकू आला,
मग ती रडायला लागली,
आणि ते सात खवल्यांसाठी नव्हतं
एवढं मला कळलं.
तासभर बोलली. मेसचं सोडून सगळं.

सेन्सर आता वायरटायने दोनदा बांधलाय.
कात टाकली त्याने होळीच्या आधी, एकसंध निघाली,
डागांच्या जागी जरा जाडसर.

मे महिन्यात घरातच बेचाळीस.
रिले वाजतच नाही. हीटरला देता येतं,
काढून घेता येत नाही.
म्हणून पेटी उचलून चेंबरच्या बाहेरच्या खोलीत आणलीय,
क्रेट धुतो तिथे, जाळीतून गारवा झिरपतो.
हमाल आधी लांबून जायचे.
आता जाता जाता आकडा बघतात
आणि मला ओरडून सांगतात,
सत्तावीस, भाऊ. सत्तावीसच.